स्त्री-संघटना निवडताना आपली मतं तिच्या भूमिकेशी कशी ताडून पाहायची?

निळी शाई

आठवड्याला सहा-सात तास एखाद्या स्त्री-संघटनेला द्यायचे आहेत. राहायला पुण्यात, महिन्यातून दोनदा मुंबईला जाणं होतं. कुठे जावं हे ठरवताना अडले आहे. माहितीपत्रकं वाचली तर सगळीकडे समता, सन्मान, हिंसामुक्त जगणं हेच शब्द. उदारमतवादी, समाजवादी, मार्क्सवादी, मूलगामी, दलित स्त्रीवाद ही वर्गवारी वाचून माहीत आहे, पण ती कुणाच्याच पाटीवर लिहिलेली नसते.

माझी मतं थोडक्यात अशी: मुलीला मालमत्तेत वाटा मिळालाच पाहिजे. समान नागरी कायदा यावा. बलात्काराला फाशी असावी. दारूबंदी हवी. वेश्याव्यवसाय बंद व्हावा. आरक्षणाला विरोध नाही, मात्र जातीच्या अंगाने फारसा विचार केलेला नाही.

यांच्याशी जुळणारी संघटना ओळखायची कशी? आणि एखादा मुद्दा जुळत नसेल तर तो किती मनावर घ्यायचा?

चांदणवेल

वर्गवारी तूर्त बाजूला ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक संघटना प्रसंगातून उभ्या राहिल्या, आणि अमुक-वादाची पाटी त्यांना मागाहून चिकटली. १९७२ च्या सुमारास महागाईविरोधात मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर एकाच समितीत होत्या. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, म्हणजे मथुरा प्रकरणात, उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि १९८० मध्ये मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' सुरू झाला. तोच पुढे 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन'. म्हणून पहिल्याच भेटीत "तुमची विचारसरणी कोणती?" विचारलंत तर गुळगुळीत उत्तर मिळेल. दोन रास्त मागण्या एकमेकींच्या आड आल्या तेव्हा संघटना कुठल्या बाजूला उभी राहिली, हे विचारा. त्यावेळची पत्रकं आणि निवेदनं मागून घ्या. जुन्या संघटनांकडे ती जपलेली असतात.

त्याआधी तुमचा स्वतःचा कागद तयार करा. तीन रकाने: मत, त्यामागचं कारण, आणि कशाने ते मत बदलेल. मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण जुळणी कारणांची करायची असते. एकाच मताची दोन माणसं अगदी उलट्या कारणांनी तिथे पोचलेली असतात आणि पहिल्या निवेदनावर सही करायची वेळ आली की ते उघडं पडतं.

तुमचा समान नागरी कायदाच घ्या. १८ एप्रिल १९६६ रोजी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा सचिवालयावर नेला, तेव्हा मागणी तलाकबंदीबरोबर याच कायद्याची होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्वायत्त, म्हणजे कुठल्याही पक्षाशी न जोडलेले, स्त्री-गटही साधारण याच बाजूला होते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देणारा १९८५ चा शाहबानो निकाल, त्यानंतरचं राजकारण आणि ९२-९३ च्या दंगली यांनी चित्र पालटलं. फोरमसारखे गट 'समान' हा शब्द सोडून सर्व धर्मांतल्या स्त्रियांना न्याय देणारे कायदे मागू लागले. डाव्या पक्षाशी जोडलेली जनवादी महिला संघटना 'समान हक्क, समान कायदे' म्हणते आणि प्रत्येक समाजात टप्प्याटप्प्याने सुधारणा मागते. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन २००७ पासून कुराणाच्या चौकटीतला लिखित मुस्लिम कौटुंबिक कायदा मागत आलं आहे. हिंदू राष्ट्रवादी धारेतल्या महिला संघटनांना एकच कायदा हवा आहे. आता तुमच्या मधल्या रकान्यात "प्रत्येक बाईला वारसा, घटस्फोट, पोटगी सारखी मिळावी" असं असेल, तर समान नागरी कायद्याला आज विरोध करणाऱ्या संघटनेतही तुम्ही सहज रुळाल. "एक देश, एक कायदा" असं असेल तर रोज खटके उडतील.

कारण तपासायचा एक सोपा प्रश्न आहे: हिंदू अविभक्त कुटुंबाची करसवलत, जी सगळ्या धर्मांना नाही, ती गेली तर चालेल का? आणि दुसरा: गोव्याचा कायदा जवळून पाहिला आहे का? १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या त्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, बायकोचा निम्मा हिस्सा धरलेला. हे उत्तम. पण त्याच व्यवस्थेत १८८० च्या फर्मानाने हिंदू पुरुषाला, ठरावीक वयापर्यंत बायकोला मूल किंवा मुलगा झाला नाही तर, दुसऱ्या लग्नाची सवलतही ठेवली होती. म्हणजे कायदा सगळ्यांना एकच असला तरी तो बायकांना सारखाच वागवेल असं नाही. या दोन प्रश्नांवर तुमचं मत हललं नाही तर ते पक्कं आहे असं समजा.

फाशीचंही असंच. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही, आणि समितीपुढे बोललेल्या बहुतेक स्त्री-संघटनांचाही फाशीला विरोध होता. स्त्रियांवरच्या गुन्ह्यांसाठीच्या महाराष्ट्राच्या शक्ती विधेयकात फाशी आणि तपास-खटल्याच्या अतितोकड्या मुदती आल्या, तेव्हा आक्षेप स्त्री-संघटनांकडूनच आले. कारण व्यवहारातलं आहे: आरोपी बहुतेक वेळा नात्यातला, शेजारचा, ओळखीतला असतो. शिक्षा फाशी म्हटल्यावर घरातूनच तक्रार दाबली जाते आणि पीडितेला जिवंत सोडणं गुन्हेगाराला धोक्याचं वाटतं. तुमचं कारण "गुन्हे कमी व्हावेत" असेल तर या युक्तिवादाला उत्तर शोधावं लागेल. "त्याला तीच शिक्षा योग्य" असं असेल तर मतभेद मूल्यांचा आहे, तो आकड्यांनी मिटणार नाही.

गोदाकाठ

चांदणवेल यांची पद्धत चांगली आहे, पण त्यांच्या प्रतिसादातली चळवळ मुंबईत सुरू होते आणि मुंबईतच संपते. आणि जातीचा मुद्दा धागाकर्तीने शेवटी ठेवला, त्यांनी तर तो घेतलाच नाही. माझ्या मते आधी तोच बघावा, कारण बाकी मुद्द्यांवरच्या भूमिका बऱ्याचदा त्यातूनच ठरतात.

सोपी खूण सांगतो. संघटनेचं वर्षाचं कॅलेंडर पाहा. फक्त ८ मार्च आहे, की ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंतीही आहे, की २५ डिसेंबरही आहे? महाडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली, म्हणून दलित स्त्री-संघटना तो दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. १९९६ च्या २५ डिसेंबरला चंद्रपूरला मोठी परिषद झाली आणि तेव्हापासून तो दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळण्याची मागणी ठळक झाली. जिजाबाईंचं मातृत्व, अहल्याबाईंचं कर्तृत्व, लक्ष्मीबाईंचं नेतृत्व हे तीन आदर्श एकत्र दिसले तर ती राष्ट्र सेविका समितीची परंपरा. १९३६ साली वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकरांनी स्थापन केलेली ही संघटना स्वतःला स्त्रीवादी म्हणवतच नाही, तेव्हा तिला स्त्रीवादाच्या फुटपट्टीने मोजणं तिच्यावरही अन्याय आणि तुमच्याही कामाचं नाही.

दुसरी खूण २००५ ची डान्सबार बंदी. सरकारने मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमं घातली. बिअरबारमधला नाच बंद, तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना मात्र सूट. फोरम आणि इतर स्वायत्त गट बारबालांच्या रोजगाराच्या बाजूने न्यायालयापर्यंत गेले. अनेक दलित-बहुजन कार्यकर्त्यांनी बंदीला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं, नाचणाऱ्या मुली मोठ्या संख्येने पिढीजात नाचगाण्याला जुंपलेल्या जातीजमातींतल्या आहेत आणि जातीने लादलेल्या कामाला 'निवड' म्हणता येत नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. ती बंदी न्यायालयात टिकली नाही, पण चळवळीतला प्रश्न सुटला नाही. हा वाद दोन्ही बाजूंनी नीट वाचा. बारबालांच्या पोटाचा प्रश्न आधी डोळ्यापुढे आला की जातीचा, यावरून तुमचा कल तुम्हालाच कळेल.

आरक्षणाबाबत "विरोध नाही" एवढं पुरत नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत लोकसभा-विधानसभेच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांना आहेत. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांचा वाटा आहे, ओबीसी स्त्रियांचा नाही. संघटनेने "आधी मिळतंय ते घ्या" म्हटलं की "वाट्यात वाटा हवा" म्हटलं, ते विचारा.

मालमत्तेच्या मुद्द्यावर ग्रामीण भागात वेगळीच परंपरा आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं चांदवडचं अधिवेशन नोव्हेंबर १९८६ चं. खुल्या बाजारपेठेचा आग्रह धरणारी ही मंडळी, डाव्यांशी त्यांचं जमत नव्हतं, पण लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावणारी तीच. आज महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, आत्महत्याग्रस्त शेतकरी घरांतल्या स्त्रियांच्या जमीनहक्कांवर काम करतो. इथे संघटनेचं काम तपासायचं तर सातबारा मागा. बाईचं नाव भोगवटादाराच्या रकान्यात आहे की 'इतर हक्क' मध्ये? इतर हक्कात नाव लागलं म्हणजे ती मालक झाली असं होत नाही. "इतक्या बायकांची नावं लावली" असा आकडा मिरवणाऱ्या संघटनेला एवढा फरक विचारला की काम किती खोलवर आहे ते समजतं. तसंच हक्कसोडपत्राचं. १९९४ च्या राज्याच्या दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून वाटेकरी, झाली, पण भाऊ दुय्यम निबंधकाकडे घेऊन जातो आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. त्या दिवसाच्या आधी तिच्याशी बोलणारं संघटनेत कुणी आहे का?

दारूबंदीबद्दल एवढंच, की जिल्हाभर दारूबंदी आणि गावातलं दुकान बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंद्रपूरची बंदी १ एप्रिल २०१५ ला आली, २०२१ मध्ये उठली. गावाचा मार्ग आडव्या बाटलीचा, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानाचा: २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग मतदान. अडतं ते शेवटच्या टप्प्यात. बंदीच्या बाजूने एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलेल्या बायका त्या दिवशी गावात नसतील तर जिंकलेली लढाई हातची जाते. मतदानाची तारीख कोणत्या महिन्यात मागायची हे ज्या संघटनेला माहीत आहे, तिच्याकडे हा विषय शिकायला जावं.

टाचण

धागाकर्तीला सहा-सात तास द्यायचेत, म्हणजे बहुधा समुपदेशन केंद्रातच काम मिळेल. तिथली विचारसरणी ना कॅलेंडरवर दिसते ना निवेदनात. ती नोंदवहीत दिसते.

कोरा नमुना बघायला मागा, भरलेला नाही. भरलेला कुणी अनोळखी माणसाला दाखवत असेल तर तिथून निघाच, गोपनीयता पाळली जात नाही. नमुन्यात शेवटचा रकाना 'निकाल' असा असतो. त्यात कोणते पर्याय छापलेत? 'समेट', 'विभक्त', 'प्रकरण बंद' एवढेच तीन असतील तर केंद्राचं यश संसार जुळवण्यात मोजलं जातं, भिंतीवर कितीही स्त्रीमुक्तीच्या घोषणा असोत. चांगल्या नमुन्यात निकालाच्या जागी पायऱ्या असतात: तात्पुरता निवारा, कौटुंबिक घटना अहवाल पाठवला, संरक्षण आदेशाचा अर्ज, राहत्या घराचा आदेश, स्त्रीधन परत मिळालं, पाठपुराव्याच्या तारखा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. हे पहिल्याच भेटीत सांगितलं जातं का ते विचारा.

पुढचं विचारायचं ते बैठकांच्या क्रमाचं. बाई पहिल्यांदा एकटीच बोलते की नवरा-सासू समोर बसलेले असतात? एकत्र बैठक कधी, कुणाच्या सांगण्यावरून? एकत्र बैठकीत ती खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. "पुन्हा हात उगारणार नाही" अशी नवऱ्याची लेखी हमी घेण्याची पद्धत सर्रास आहे. त्या कागदाला न्यायालयाच्या संरक्षण आदेशाचं बळ नाही. आदेश मोडला तर तो गुन्हा ठरतो, हमी मोडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हमीपत्रावर थांबणारी केंद्रं कुटुंब धरून आहेत, बाई नव्हे. मला हा फरक बाकी सगळ्या वादांपेक्षा मोठा वाटतो.

तरी एक न्याय्य गोष्ट सांगायला हवी: बऱ्याच बाया समेटच मागत येतात. तिला घटस्फोटाकडे ढकलणारं केंद्रही तिचं ऐकत नाही. म्हणून "समेट हवा म्हणाली तर तुम्ही काय करता?" हा प्रश्न जरूर विचारा. पाठपुराव्याची तारीख, शेजारची एखादी बाई, बाहेर पडायची तयारी ठेवलेली पिशवी, असं ठोस उत्तर आलं तर तिथे शिकायला मिळेल.

रोजकीर्द

कागदपत्रांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. पैसा कुठून येतो त्यावरही भूमिका ठरते.

नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिचं परिशिष्ट १ (नोंदणीचा उतारा), विश्वस्तांचे बदल अर्ज आणि वार्षिक हिशेब असतात: ताळेबंद परिशिष्ट ८, उत्पन्न-खर्च परिशिष्ट ९. बदल अर्जांवर नजर टाका. पंधरा वर्षांत विश्वस्त बदललेच नसतील तर 'सामूहिक नेतृत्व' हा शब्द तपासून घ्या. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांवर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आली आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं. गावपातळीवरचे छोटे गट मोठ्या संस्थेमार्फत पैसे घेत होते, त्यांची कामं त्यामुळे अडली. एखाद्या गटाने अमुक विषय का सोडला याचं कारण विचारसरणीत शोधण्याआधी इथे शोधा. प्रकल्पावर चालणाऱ्या संस्थेला निधी ज्या विषयाला मिळतो त्याच विषयावर माणसं नेमावी लागतात.

पक्षाशी जोडलेल्या जनसंघटना सभासद वर्गणीवर चालतात. तिथे ८०-जी ची, म्हणजे देणगीवर करसवलत देणारी, पावती मिळाली नाही म्हणून बिचकू नका, त्यांची रचनाच वेगळी आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही तर कामगार संघटना, १९९३ ची, पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची, त्यात बायकाच बहुसंख्य. नावात 'स्त्री' नाही म्हणून ती यादीतून सुटू नये.

निळी शाई

सगळ्यांचे आभार. मधला रकाना भरला. फाशीबद्दल माझं कारण "गुन्हे कमी व्हावेत" हेच निघालं, म्हणजे ते मत आता डळमळीत आहे. वेश्याव्यवसायाबद्दल "कुणाही बाईवर हे काम करायची वेळ येऊ नये" असं लिहिलं. त्यावर मात्र मी ठाम आहे. मग धंदा करणाऱ्या बायकांसोबत काम करणारी संग्रामसारखी संस्था माझ्यासाठी बादच ना?

चांदणवेल

लगेच बाद करू नका, आधी दोन्हीकडचं काम समजून घ्या. सांगलीची संग्राम १९९२ ची. तिच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. परिषदेत धंदा करणाऱ्या बायकाच निर्णय घेतात आणि त्या याला काम म्हणतात. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या प्रेरणाचा भर मुलांवर आहे: रात्रीचं पाळणाघर, शाळा, आईच्या धंद्यात मुलगी ओढली जाऊ नये यासाठीची सगळी धडपड. लहान मुलींना यात आणणं गुन्हा आहे यावर दोघींचं दुमत नाही. दुमत आहे ते सज्ञान बाईवर पडणाऱ्या छाप्याबद्दल.

तुमचं वाक्य पुन्हा वाचा: "वेळ येऊ नये". ते उद्याच्या बाईबद्दल आहे. आज जी तिथे आहे तिला छाप्यात पकडून तिच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात ठेवावं का, हा वेगळा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अशा तीन सज्ञान स्त्रियांना सोडायचा आदेश दिला आणि १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वखुशीने हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना अटक करू नये, छळू नये असं सांगितलं. या दुसऱ्या प्रश्नाचं तुमचं उत्तर "ठेवू नये" असेल तर संग्रामशी तुमचा मतभेद शब्दाचा उरतो. "ठेवावं" असेल तर खरंच बाद.

किती मनावर घ्यायचं याचं माझं माप असं: ज्या मुद्द्यावर तुम्हाला तिथे स्वतःच्या हाताने काम करावं लागेल, तो जुळलाच पाहिजे. ज्यावर फक्त संघटनेचं निवेदन निघतं, तिथे निवेदनाची पद्धत बघा. स्वायत्त गटांत निवेदन सहमतीने निघतं, ज्यांना पटलं नाही त्या सही करत नाहीत. वेळ फार जातो, पण तुमचं मत तुमच्याजवळ राहतं. पक्षाच्या जनसंघटनेत राज्य समितीचा निर्णय झाला की तो सगळ्यांचा. काम झपाट्याने होतं आणि मोर्चाला माणसं असतात, पण तिहेरी तलाकच्या २०१९ च्या कायद्यातल्या तीन वर्षांच्या कैदेसारखा प्रश्न आला तर तुमचं वेगळं मत बैठकीपुरतंच राहतं. त्या कैदेवर तर एकाच बाजूच्या म्हणवणाऱ्या संघटनांतही फूट पडली: भारतीय मुस्लिम महिला आंदोलन कायद्याच्या बाजूने, बेबाक कलेक्टिव्ह कैदेच्या विरोधात.

टाचण

यात एकच भर. केंद्रात जाणार असाल तर पहिल्या दिवशी लिहून घ्या की प्रशिक्षण किती दिवसांचं आणि त्यानंतर किती दिवस अनुभवी कार्यकर्तीशेजारी नुसतं बसायचं आहे. "उद्यापासून केस घ्या" म्हणणारं केंद्र टाळा. आणि वार नक्की करा. आठवड्यातून दोन दिवस तीन-तीन तास, तेच वार, तीच वेळ. एकदा बोललेली बाई पुढच्या मंगळवारी तुम्हालाच शोधत येते.